पाण्याचा फोटो



श्रावणातील एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर पटांगणातील चिंचेखाली एक तरुण माझी वाट पाहत उभा होता. त्याने खिशातून मोबाईल काढला आणि गांगुलपाऱ्याच्या धबधब्याचा फोटो मजपुढे धरला. बालाघाटहून बैहरच्या रस्त्याला लागले म्हणजे डोंगरात लागणारे हे ठिकाण ज्याने ऐकलेले नाही असा मनुष्य आपल्या भागात विरळाच. फोटोत खडक होते, झाडी होती. परंतु जेथे पाणी असावयास हवे होते तेथे चुना सांडावा तसा एक पांढरा पट्टा तेवढा दिसत होता. "फादर, डोळ्यांना तर फार सुंदर दिसले होते. फोटोत असे का आले?"

मी काही बोलण्यापूर्वीच त्याचे वडील मागून आले. "फादर, तुम्हीच याला समजवा. रोवण्याच्या दिवसांत बांधीत उतरायला माणूस मिळत नाही, आणि हा दोन दिवस दगडावर बसून येतो. आता म्हणतो, कॅमेरा घेऊन द्या." एवढे बोलून ते क्षणभर थांबले आणि आवाज उतरवून म्हणाले, "आणि तिथे पाय घसरला तर?" पैशाची व रोवण्याची तक्रार वरवरची होती, खरी तक्रार ही शेवटची होती, हे ओळखण्यास फारसे चातुर्य लागत नव्हते.

त्या दिवशी एका आजाऱ्याकडे जाण्याची घाई असल्यामुळे मी त्या दोघांपैकी कोणासही धड उत्तर दिले नाही. ते आज देत आहे. इतर घरांतही हाच वाद थोड्याफार फरकाने चालत असावा, म्हणून ते या पानावर देतो.

प्रथम माझीच फजिती सांगतो. सेमिनरीत असताना, २००३ च्या सुमारास, आम्ही काही विद्यार्थी जबलपूरजवळच्या भेडाघाटास गेलो होतो. एका सोबत्याच्या नातलगाचा रोलचा कॅमेरा मी मागून घेतला होता. छत्तीस फोटोंचा एक रोल. दुसरा घेण्याची ऐपत नव्हती. नावेत बसून आम्ही संगमरवरी कड्यांमधून फिरलो. नावाडी यमके जुळवून कड्यांचे वर्णन करीत होता आणि आम्ही पोट धरून हसत होतो. "बंदरकूदनी" हे ठिकाण त्याने मोठ्या ऐटीने दाखविले. एके काळी दोन्ही काठ तेथे इतके जवळ होते की माकडे या कड्यावरून त्या कड्यावर उडी मारीत, असे सांगतात. मी भर दुपारी, माथ्यावरच्या उन्हात, त्या पांढऱ्याशुभ्र दगडांचे वीसेक फोटो काढले. रोल धुऊन आला तेव्हा एकाही फोटोत संगमरवर पांढरा नव्हता. तो चुलीजवळच्या भिंतीसारखा करडा दिसत होता. मी स्टुडिओवाल्यास दोष दिला. तो बिचारा निरपराध होता, हे मला पुष्कळ वर्षांनी उमगले.

कॅमेऱ्यातील प्रकाश मोजणाऱ्या यंत्रास आपण काय पाहत आहोत हे कळत नाही. जगातील सर्व वस्तूंची सरासरी काढली असता एक मध्यम करडी छटा येते, असे गृहीत धरून ते चालते. त्यापुढे काळी म्हैस ठेवा, ते तिला उजळ करून करडी करील. पांढरा संगमरवर ठेवा, ते त्यास काळवंडून करडा करील. म्हणून दगड पांढरा असेल तेव्हा यंत्र सांगते त्याहून अधिक प्रकाश आत घ्यावा लागतो, सुमारे दुप्पट किंवा त्याहून थोडा जास्त. आमच्या तरुणाच्या बाबतीत नेमके उलट घडले. त्याच्या फोटोत बहुतेक जागा ओल्या काळ्या खडकाने व गर्द झाडीने व्यापलेली होती. यंत्राने ती सारी उजळ करावयास घेतली, आणि मधली पाण्याची पांढरी धार मर्यादेबाहेर जाऊन नुसता चुना झाली. तेथे प्रकाश कमी करावयास हवा होता. मोबाईलवर पडद्यावरील पाण्याच्या जागी बोट टेकले की हे बव्हंशी साधते. खडक थोडे काळे राहतील. ते काळेच असतात.

दुसरी चूक आम्हा दोघांची सारखीच होती, आणि ती वेळेची. दरी, घळ, धबधबा यांचा फोटो भर दुपारी घेऊ नये. अरुंद दरीत त्या वेळी एक भिंत उन्हाने जळत असते आणि दुसरी अंधारात बुडालेली असते. आपला डोळा दोन्ही सावरून घेतो, कॅमेऱ्यास ते साधत नाही. सकाळी लवकर, किंवा ऊन कड्याच्या माथ्यावर असून दरीच्या तळाशी पोचले नसेल अशा वेळी, समोरच्या भिंतीवरून परावर्तित झालेला मऊ उजेड सगळीकडे सारखा पसरतो. धबधब्यास तर ढगाळ दिवस उत्तम. आभाळ भरून आले म्हणजे आपण सहलीचा बेत रहित करतो. फोटो काढणाऱ्याने तेव्हाच निघावे.

आता पाण्याकडे वळू, कारण खरी मौज तेथे आहे. कॅमेऱ्याची झडप एका सेकंदाच्या हजाराव्या भागापुरती उघडली तर प्रत्येक थेंब काचेच्या मण्यासारखा हवेत थिजलेला दिसतो. तीच झडप अर्धा-एक सेकंद उघडी ठेवली तर पाणी रेशमाच्या लडीसारखे, किंवा विरजणाआधीच्या दुधासारखे, सलग दिसते. हल्ली दिनदर्शिकांवर हा दुसरा प्रकारच सर्वत्र आढळतो. यांतील खरे पाणी कोणते? मला विचाराल तर दोन्ही नव्हेत. मनुष्याचा डोळा थेंब मोजीत नाही आणि पाण्याचे दूधही करीत नाही. त्याला दिसतात त्या धावत्या दोऱ्या, एकमेकींत गुंतणाऱ्या आणि तुटणाऱ्या. सेकंदाच्या आठव्या ते पंधराव्या भागाच्या आसपास झडप ठेवली तर पुष्कळदा त्या दोऱ्या हाती लागतात. ही माझी आवड आहे. कोणास दुधाळ पाणी आवडत असेल तर माझे भांडण नाही.

परंतु एवढा वेळ झडप उघडी ठेवावयाची तर हात हलता कामा नये. तिकाटणे नसेल तर दगडावर गव्हाची वा तांदळाची छोटी पिशवी ठेवून तीवर मोबाईल टेकवावा आणि बोटाचा धक्का लागू नये म्हणून दोन सेकंदांचा अवधी लावून सोडावे. उन्हात आणखी एक अडचण येते. साध्या फिल्मवर वा त्याच मापाच्या अंकीय कॅमेऱ्यावर, छिद्र अगदी लहान केले तरी, स्वच्छ उन्हात सेकंदाच्या शंभराव्या भागाहून अधिक काळ झडप उघडी ठेवता येत नाही. फोटो जळून जातो. त्यासाठी भिंगापुढे काळी काच लावतात, म्हणजे कॅमेऱ्यास जणू काळा चष्मा घालतात. उजेड चौसष्टपट कमी करणारी काच लावली की शंभरावा भाग वाढून अर्ध्या सेकंदाच्या थोडा वर जातो. आणखी एक काच मिळते, ती ओल्या दगडावरची चकाकी पुसून टाकते व दगडाचा मूळ रंग बाहेर आणते. माझ्या मते घेण्यासारखी वस्तू प्रथम हीच. नवा कॅमेरा मागाहून.

हे रेशमी पाणी काही आजच्या लोकांची कल्पना नव्हे. पहिल्या छायाचित्रकारांपुढे दुसरा मार्गच नव्हता. काचेच्या तावदानावर रसायन ओतावयाचे, ते ओले आहे तोवर कॅमेऱ्यात घालावयाचे आणि वाळण्यापूर्वी तेथेच तंबूच्या अंधारात धुवावयाचे, अशी ती रीत होती. ते रसायन इतके मंद की झडप कित्येक सेकंद उघडी ठेवावी लागे आणि पाण्याचे आपोआप धुके होई. इंग्रज छायाचित्रकार सॅम्युअल बोर्न हा १८६३ ते १८७० या काळात आपल्या देशात होता. असली तावदाने, रसायनांच्या बाटल्या आणि तंबू डझनावारी हमालांच्या पाठीवर लादून तो हिमालयात हिंडला. १८६६ साली गंगोत्रीच्या हिमनदीपर्यंत जाऊन गंगेच्या उगमाची चित्रे त्याने आणली. बोर्नचे नाव पुस्तकांत आले. ज्यांच्या पाठीवर काच होती त्यांची नावे कोणी विचारीत नाही.

अमेरिकेत कार्लटन वॉटकिन्स याने १८६१ साली योसेमिटीच्या दरीत याहून मोठा उद्योग केला. त्याने अठरा बाय बावीस इंच एवढ्या काचांसाठी मुद्दाम कॅमेरा बनवून घेतला आणि तो खेचरांवर लादून दरीत नेला. तेथील कडे व धबधबे यांची त्याची चित्रे पूर्वेकडील शहरांत पाहिली गेली. अब्राहम लिंकन यांनी ती दरी कधीच पाहिली नव्हती. तरी ३० जून १८६४ रोजी, यादवी युद्ध पेटलेले असताना, ती लोकांसाठी कायमची राखून ठेवण्याच्या कायद्यावर त्यांनी सही केली. त्यामागे या चित्रांचा वाटा होता असे मानतात. वॉटकिन्सचे पुढे मात्र वाईट झाले. दृष्टी गेली, १९०६ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या भूकंपात व आगीत त्याचा सारा संग्रह जळाला, १९१६ साली तो वेड्यांच्या इस्पितळात वारला. या कथेस आणखी एक बाजू आहे, ती सांगितल्यावाचून पुढे जाणे बरे नव्हे. त्या दरीत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मूळ लोकांवर १८५१ साली सशस्त्र तुकडी चालून गेली होती व तिने त्यांस हुसकावून लावले होते. वॉटकिन्सच्या चित्रांत दरी निर्मनुष्य व पवित्र दिसते. ती निर्मनुष्य नव्हती.

असो. आपण आपल्या नद्यांकडे येऊ. आपल्या या भागाचे पाणी दोन समुद्रांस वाटले गेले आहे, हे मुलांना नकाशावर अवश्य दाखवावे. नर्मदा पश्चिमेस जाऊन खंबायतच्या आखातात पडते. वैनगंगा शिवनी जिल्ह्यात मुंडारा गावाजवळ उगम पावते, मोठे वळण घेऊन बालाघाटातून दक्षिणेस उतरते, वर्धेस मिळून प्राणहिता होते आणि गोदावरीवाटे बंगालच्या उपसागरास जाते. आपली बावनथडीही शेवटी वैनगंगेतच मिळते. वैनगंगेस भेडाघाटासारखे पांढरे कडे नाहीत. पण कार्तिकातील पहाटे तिच्या पात्रावर धुके धरते तेव्हा, दूरवर एखादा डोंगा आणि जाळे टाकणारा ढिवर दिसत असेल तर, मला त्याहून अधिक काही लागत नाही. मोठ्या दृश्यात मनुष्य लहानसा आला की दृश्याचे माप कळते; नुसता कडा शंभर फुटांचा आहे की दहा फुटांचा, हे फोटो सांगत नाही.

भेडाघाटचा धुआंधार मात्र एकदा तरी पाहावा. नर्मदा तेथे साऱ्या रुंदीनिशी खाली झेपावते आणि तुषारांचा धूर उठतो, त्यावरून हे नाव. पावसाळ्यानंतर, शरद ऋतूत जावे. गंमत अशी की मोठ्या पुरात हा धबधबा नाहीसाच होतो: खालच्या दरीतील पाणी इतके चढते की वरचे व खालचे पाणी एक होते. वर बरगीचे धरण आहे. त्याचे दरवाजे उघडले म्हणजे खाली आभाळ स्वच्छ असतानाही पाणी वाढते. ही गोष्ट फोटो काढणाऱ्याने गमतीची म्हणून ऐकू नये.

येथे मला त्या वडिलांच्या प्रश्नाकडे येणे भाग आहे. १६ जुलै २०२४ रोजी रायगड जिल्ह्यात माणगावजवळच्या कुंभे धबधब्यापाशी सव्वीस वर्षांची एक तरुणी चित्रीकरण करीत असताना सुमारे तीनशे फूट खोल दरीत कोसळली. तिला वर काढण्यास सहा तास लागले. ती वाचली नाही. त्याच पावसाळ्यात, ३० जून रोजी, लोणावळ्यास भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एका कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्यांत लहान मुले होती. ही माणसे मूर्ख होती असे मी म्हणणार नाही. पाण्याजवळ आपण सारेच थोडे भान हरपतो, त्यासाठीच तर तेथे जातो. आणि हातात कॅमेरा असला की जग चौकटीएवढे होते. चौकटीबाहेर पाऊल कोठे पडत आहे हे दिसत नाही.

म्हणून त्या तरुणास मी ही बंधने घालतो, आणि ती पाळणार असेल तरच वडिलांकडे त्याची शिफारस करीन. एकट्याने जावयाचे नाही. बरोबरच्या सोबत्याने फोटो काढावयाचा नाही, त्याने पाण्याकडे व मित्राच्या पायांकडे पाहावयाचे. शेवाळलेल्या दगडावर पाय ठेवावयाचा नाही, तो कितीही कोरडा वाटो. चालताना पडद्यात पाहावयाचे नाही. आधी उभे राहावे, मग पाहावे. पाण्याकडे पाठ करून स्वतःचा फोटो तर मुळीच नको. पाणी गढूळ होऊ लागले, त्यातून पाने-काटक्या वाहून येऊ लागल्या, किंवा आवाज बदलला, तर जे काही मांडले असेल ते तेथेच टाकून वर यावे. कॅमेरा पुन्हा घेता येतो.

राहिला वडिलांचा दुसरा प्रश्न, जो त्यांनी उच्चारला नाही पण त्यांच्या मनात होता: याचा उपयोग काय? दगडावर दोन दिवस बसून मिळाले काय?

मला यावर एक पुस्तक आठवते. अमेरिकेतील कोलोराडो नदीवर ग्लेन कॅन्यन नावाची एक दरी होती. नदीने लाल वालुकाश्म कापून तेथे अरुंद, वळणावळणाच्या घळी कोरल्या होत्या. तेथे धरण बांधावयाचे ठरले तेव्हा ती दरी फार थोड्यांनी पाहिलेली असल्यामुळे फारसे कोणी हरकतीस उठले नाही. एलियट पोर्टर हा छायाचित्रकार, मूळचा डॉक्टर, धरणाचे काम चालू असतानाच तेथे पुनःपुन्हा गेला. त्याचे पुस्तक १९६३ साली निघाले, आणि त्याच वर्षी धरणामागे पाणी साठू लागले. कोणाच्याही परिचयाची नसलेली जागा, अशा अर्थाचे नाव त्याने पुस्तकास दिले होते. लोकांनी ती जागा ओळखली तेव्हा ती पाण्याखाली गेलेली होती. जलाशय पूर्ण भरावयास १९८० साल उजाडले. अलीकडच्या अवर्षणात, २०२३ च्या आरंभी, पाणी इतके उतरले की काही घळी पुन्हा उघड्या पडल्या आणि लोक पोर्टरची चित्रे घेऊन त्यांची ओळख पटवू लागले.

आपल्याकडे असे काम हाती पेन्सिल घेऊन एकाने केले. जबलपूरचे अमृतलाल वेगड, शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांचे विद्यार्थी, वयाच्या पन्नाशीस टेकले असता १९७७ साली नर्मदेकाठाने पायी चालू लागले. घाट, झोपड्या, परकम्मावासी, काठावरचा स्वयंपाक हे सारे ते रेखाटीत गेले. पुढे धरणे झाली. बरगीच्या पाण्यात गावे गेली, इंदिरा सागराच्या पाण्यात २००४ साली हरसूदसारखे भरलेले शहर गेले. वेगड २०१८ साली निवर्तले. त्यांनी ज्या काठाने पावले टाकली तो काठ आता पुष्कळ ठिकाणी पायाखाली येणे शक्य नाही.

आणि आपली बावनथडी? थडी म्हणजे तीर. त्या तीरांपैकी काही आता राजीव सागराच्या तळाशी आहेत. धरणाने बांधीस पाणी दिले, हे मी विसरत नाही. रोवणे वेळेवर होते ते त्याच्या आधारावर, आणि त्या वडिलांच्या बांधीतही बहुधा तेच पाणी येत असेल. पण दोन्ही राज्यांतील काही गावांना त्यासाठी उठावे लागले. आमच्या ओळखीची एक आजी त्यांपैकी एका गावची. तिच्या घरी मी एकदा जुने फोटो पाहावयास मागितले. तिने पत्र्याच्या पेटीतून लग्नाचा एक फोटो काढला. नवरा-नवरी खुर्च्यांवर बसलेली, आणि मागे धबधबा! तो स्टुडिओतील पडद्यावर रंगविलेला होता. निळे पाणी, हिरवे पहाड, पायथ्याशी दोन हंस. ज्या नदीचे पाणी ती रोज भरीत होती त्या नदीचा एकही फोटो घरात नव्हता. कोण काढणार? नदी काय, समोरच होती.

हे मी त्या तरुणास सांगितले, आणि गेल्या मे महिन्यात, जलाशयाचे पाणी उतरले असता, तो एका सोबत्यास घेऊन तिकडे गेला. बरोबर तांदळाची पिशवी होती. नवा कॅमेरा नव्हता. चिखलातून वर आलेले काही बांध, झाडांचे बुंधे आणि दगडांचे एक कडे त्याने टिपून आणले. पहाटेचे फोटो होते, छाया मऊ होत्या, पाणी पाण्यासारखे दिसत होते. आम्ही ते आजीस दाखविले. तिने मोबाईल दोन्ही हातांत धरला, डोळ्यांपासून लांब नेला, जवळ आणला. दगडांच्या कड्याकडे पाहून मुलगा म्हणाला, "आजी, ही तुमची विहीर ना?"

"नाही रे बापू. ही पाटलाची. आमची अजून खाली आहे." तिने दाखविण्यासाठी पडद्यावर बोट ठेवले, तसा फोटो सरकून निघून गेला. मुलाने तो परत आणला. मग ती बराच वेळ सांगत राहिली, कोणत्या बुंध्याचा आंबा कसा होता, वाट कोठून उतरत होती, पुरात पाणी कोणत्या दगडापर्यंत येई. मुलगा ते कागदावर लिहून घेत होता. वडील दाराशी उभे राहून ऐकत होते. जाताना त्यांनी मुलास विचारले की पाणी आणखी किती दिवस उतरत राहील, आणि पुढच्या खेपेस सोबतीला ते स्वतः आले तर चालेल काय.